खाजगी पार्किंगची नोटीस आली तर आधी 'सॉरी' लिहू नका

ताई, तुमची पोस्ट वाचताना चहा गार झाला. सुपरमार्केटच्या पार्किंगला ९० मिनिटांची मर्यादा, संधिवातामुळे २२ मिनिटं उशीर, अपंगांचा ब्लू बॅज डॅशबोर्डवर असूनही घरी १०० पौंडांची नोटीस, १४ दिवसांत भरले तर ६०. आणि शेवटी तुमचा प्रश्न, 'कटकट नको, भरून टाकू का?' सहा वर्षांपूर्वी मी हेच बायकोला विचारत होतो.

माझं मत: एवढ्यात भरू नका. भरले की विषय संपला, मग दाद मागता येत नाही. मी वकील नाही. इंग्लंडमध्ये जे भोगलं तेवढं सांगतो. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. नोटीस पार्किंग चालवणाऱ्या खाजगी कंपनीची आहे, कौन्सिलची (नगरपालिकेची) नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. कॅलिपर, एक कुबडी आणि हाताने चालवायची ऑटोमॅटिक गाडी. (हल्ली दिव्यांग म्हणायचं असतं, मी स्वतःला अपंगच म्हणतो.) त्या दिवशी गेटवरच्या कॅमेऱ्याने मला १२:०७ ला आत घेतलं आणि २:०४ ला बाहेर सोडलं. म्हणजे ११७ मिनिटं. पण काउंटरवरचं बिल १:२९ चं होतं, ९० मिनिटं व्हायला अजून आठ बाकी असतानाचं. तिथून गाडीपर्यंतची ३५ मिनिटं कुठे गेली? टॉयलेट दुकानाच्या दुसऱ्या टोकाला. ट्रॉली ढकलायला माणूस येईपर्यंत थांबलो. बाहेर पाऊस, त्यात कुबडी ओल्या फरशीवर सरकते म्हणून पाऊल मोजून टाकायचं. मग दार उघडून सीटवर बसायचं, गुडघ्याचं लॉक सोडून पाय हाताने उचलून आत घ्यायचा. कॅमेऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्याला नंबरप्लेट दिसते.

आता माझा गाढवपणा. नोटीस आल्यावर मी एका सल्ला देणाऱ्या कार्यालयाला फोन केला. नाव घेत नाही. पाऊण तास गाणी ऐकवून बाईंनी सांगितलं, 'ब्लू बॅज खाजगी जागेवर चालत नाही, सवलतीत भरून टाका.' पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, बॅजची योजना मुळात रस्त्यावरच्या पार्किंगसाठी आहे. पण त्यावरून मी असं धरून चाललो की मला काही हक्कच नाही, उरते ती फक्त दया. मग मी कंपनीला आपल्या पद्धतीचं पत्र लिहिलं. सुरुवातीलाच माफी. 'मला उशीर झाला, चूक माझी आहे, मी अपंग आहे, कृपया सांभाळून घ्यावे.' सोबत बॅजची दोन्ही बाजूंची झेरॉक्स.

ते 'चूक माझी आहे' पुढे सव्वा वर्ष माझ्या मागे फिरत होतं. नकाराच्या पत्रात ते, अपिलात कंपनीने जोडलेल्या कागदांत ते, आणि शेवटी कोर्टाच्या दाव्यातही तेच. गाडी मीच चालवत होतो हेही मीच, न विचारता, लिहून दिलं होतं.

त्या बाईंनी जे सांगितलं नाही ते असं. इक्वालिटी ॲक्ट २०१० (समानतेचा कायदा) चा ब्लू बॅजशी संबंध नाही. बॅज नसला तरी, तुमचा त्रास रोजच्या कामांत मोठा अडथळा आणणारा आणि १२ महिने किंवा जास्त टिकणारा असेल, तर तो कायदा तुम्हाला लागू होतो. त्याच्या कलम २० प्रमाणे लोकांना सेवा देणाऱ्याने अपंगांसाठी वाजवी बदल करायचे असतात, आणि ते कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता, आधीच. जास्त वेळ देणं हा तसाच बदल, असं माझं म्हणणं होतं आणि आजही आहे. गेटजवळ अपंगांसाठी चार पिवळ्या चौकटी रंगवल्या की यांना वाटतं झालं काम. त्या चौकटींत डिलिव्हरीच्या व्हॅन उभ्या असतात ते वेगळंच.

म्हणून पत्र दया मागणारं नको. गाडीच्या नोंदणीकृत कीपरच्या, म्हणजे गाडीच्या कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्या, नावाने लिहा: ड्रायव्हर अपंग व्यक्ती आहे, जादा वेळ त्या अपंगत्वामुळेच लागला, कलम २० प्रमाणे वेळ वाढवून मिळायला हवा होता, नोटीस रद्द करा. 'मी चालवत होते' हे आपण होऊन लिहू नका. ड्रायव्हर कोण ते कळलं नाही आणि कीपरकडून वसुली करायची तर २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टच्या अटी कंपनीला पाळाव्या लागतात. कॅमेऱ्यावरून पाठवलेली नोटीस गाडी लावल्यानंतर १४ दिवसांत पोचायला हवी, ही त्यातलीच एक. तारखा ताडून बघा. मात्र कोणी सरळ विचारलं तर खोटं बोलू नका, कोर्टात तर नाहीच. काहींना ही लपवाछपवी वाटते, मलाही थोडी वाटते.

सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच. पत्र लिहायच्या आधी मी दुकानाच्या मॅनेजरकडे जायला हवं होतं. गेलो तेव्हा दोन्ही अपिलं हरून चार महिने झाले होते. (पहिलं अपील कंपनीकडेच, दुसरं बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे. त्या संस्थेने 'ही परिस्थिती आमच्या कक्षेत येत नाही' असं दोन ओळींत कळवलं.) मॅनेजर बिचारा भला होता. म्हणाला, 'पहिल्या महिन्यात आला असतात तर मीच रद्द करायला सांगितलं असतं, आता फाइल वसुलीवाल्यांकडे गेली.' पुढे १७० पौंडांची लाल अक्षरातली पत्रं सुरू झाली. ती माणसं बेलिफ (कोर्टाच्या हुकमाने जप्ती करणारे) नव्हेत, घरात शिरू शकत नाहीत, पण बायकोला बेल वाजली की धडकी भरायची.

त्या दुसऱ्या अपिलाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही, हेही मला फार उशिरा कळलं. कोर्टाचा कागद आल्यावर बचाव नीट मांडला, आणि सुनावणीच्या तीन आठवडे आधी कंपनीने दावा मागे घेतला. का, ते कोणी सांगितलं नाही. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही.

इथे कोणीतरी 'पत्रं केराच्या टोपलीत टाका' असं सांगेलच. तो सल्ला २०१२ च्या आधीचा आहे. कोर्टाच्या कागदाकडे दुर्लक्ष केलं तर तुमच्याविना निकाल लागतो आणि मॉर्गेजच्या वेळी तो पुढे येऊ शकतो. बजावणीपासून १४ दिवसांत कोर्टाला पोच द्यायची, मग बचावाला एकूण २८ दिवस मिळतात. घर बदललं असेल तर गाडीच्या कागदावरचा पत्ता आजच बदला. आणि कंपनी बीव्हिस नावाच्या ड्रायव्हरच्या खटल्यातला २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तोंडावर फेकेल, त्यात ८५ पौंड वैध ठरले होते. पण तो माणूस ५६ मिनिटं जास्त थांबला होता आणि अपंगत्वाचा तिथे प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांची पत्रं कंपनीला पाठवू नका, तुमचा सांधा कुठे सुजतो हे त्यांना कशाला? पीआयपीचं (अपंगांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचं) पत्र द्यायचं तर रकमा आणि नंबर काळे करून.

उद्या सकाळी दुकान उघडताच बिल घेऊन मॅनेजरला भेटा. काउंटरवरच्या बाईला नको, मॅनेजरलाच. बिल सापडलं असेल तर आत्ता त्याचा फोटो काढा. तो कागद थर्मल असतो, माझ्या बिलावरची वेळ दोन महिन्यांत फिकी पडून १:२९ चं १:२ झालं होतं.