दुकान रिकामे करण्याच्या निकालाविरुद्ध अपील दाखल केले आहे. आता ताबा देणे आपोआप थांबते का?

नाही, थांबत नाही. आपण लिहिले आहे की नागपूरच्या लघुवाद न्यायालयाने आपल्याविरुद्ध दुकानाचा ताबा देण्याचा हुकूमनामा केला, आपण जिल्हा न्यायालयात मुदतीत अपील दाखल केले, आणि ‘एकदा अपील पडले की बेलिफ येत नाही’ असे एका जाणत्या माणसाने सांगितल्यामुळे स्थगितीचा अर्ज अजून दिलेला नाही. त्या जाणत्या माणसाचे ऐकू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये सुरुवातीलाच स्पष्ट म्हटले आहे की केवळ अपील दाखल झाले म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. अपील न्यायालयाने तसा आदेश दिला तरच ती थांबते. निकालाला दोन वर्षे झाली नसतील, तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल झाल्याची आगाऊ नोटीस आपल्याला मिळालीच पाहिजे असेही सहसा नसते. कब्जा वॉरंट घेऊन बेलिफ दारात उभा राहील तेव्हाच आपल्याला कळेल.

पुढचे लिहिण्याआधी सांगून टाकतो की मी घरमालकाच्या बाजूचा माणूस आहे. आपल्या प्रश्नाला उत्तर देण्याचे खरे कारणही तेच आहे, कारण आपण ज्या ठिकाणी आज उभे आहात, त्याच्या नेमके समोर आमचे कुटुंब उभे होते, आणि त्या वेळी घरात झालेला वाद अजूनही लग्नकार्यात निघतो.

नागपूरच्या महाल भागात माझे वडील आणि थोरले काका यांचे सामाईक मालकीचे एक दुकान आहे. आजोबांच्या काळापासून तेथे एक भाडेकरू होते. माणूस सज्जन होता, भाडे दरमहा मनीऑर्डरने येत असे, पण ते भाडे साडेचारशे रुपये होते आणि त्याच ओळीतील तेवढाच गाळा बारा हजारांच्या खाली मिळत नव्हता. धाकट्या भावाला स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा होता, म्हणून वडिलांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली वास्तविक गरजेच्या कारणावर दावा लावला आणि तो आम्ही जिंकलो. काकांचा मात्र न्यायालयावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही होते. विदर्भात ३१ मार्च २००० पूर्वी हा कायदा नव्हता. १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता, ज्यात भाडेकरूला नुसती जागा सोडण्याची नोटीस देण्यासाठीसुद्धा आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे, आणि मग दिवाणी दावा. त्या दोन टप्प्यांत काकांची उमेदीची वर्षे गेली होती. त्यामुळे हुकूमनामा हातात पडला तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच होता.

निकालाच्या संध्याकाळीच पहिला खटका उडाला. मी म्हणालो की उद्याच कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला कळवल्याशिवाय आदेश करू नये’ असा न्यायालयातला अर्ज, दाखल करू. काका म्हणाले, ‘झोपलेल्याला कशाला उठवता? कॅव्हेटची नोटीस रजिस्टर पोस्टाने त्याच्या घरी जाणार, म्हणजे अपील करायचे राहिले असेल तर आठवण आपणच करून दिली.’ हा समज नागपुरात काकांपुरता नाही. पुष्कळ मालक याच भीतीने गप्प बसतात. पण दुकान हातचे जाते आहे हे ज्याला निकालात वाचून दाखवले आहे, तो झोपलेला कसा असेल? अपिलाला ३० दिवस असतात, आणि नियम ५ अपील न्यायालयाला समोरच्याचे म्हणणे न ऐकताही तात्पुरती स्थगिती देऊ देतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खालचे कॅव्हेट ९० दिवस टिकते आणि तेवढ्या काळात आपल्याला कळवल्याशिवाय तसा आदेश होत नाही. एकदा एकतर्फी स्थगिती मिळाली की ती उठवण्याची सगळी धावपळ मालकाच्या गळ्यात येते. वडिलांनी माझे ऐकले. कॅव्हेट पडले, आणि अपिलासोबतच्या स्थगिती अर्जाची प्रत आमच्या वकिलांना आधी मिळाली.

दुसरा वाद अधिक मोठा होता. काकांचे म्हणणे असे की स्थगितीला सरसकट विरोध करायचा. अटी मागणे म्हणजे ‘तुम्ही बसा, फक्त पैसे द्या’ असे आपणच कबूल करणे. मला हे त्या वेळीही पटले नाही आणि आजही पटत नाही. ताब्याच्या हुकूमनाम्याविरुद्ध पहिले अपील असेल, भाडेकरू वेळेत आलेला असेल आणि त्याचा धंदा त्याच जागेवर चालत असेल, तर न्यायालय बहुधा स्थगिती देते, कारण ताबा गेल्यावर अपिलात फारसे काही उरत नाही. पुढे अपील जिंकले तर त्याच संहितेच्या कलम १४४ खाली ताबा परत मागता येतो हे खरे, पण मधल्या काळात तेथे भिंत पडलेली असेल किंवा तिसराच माणूस बसलेला असेल, हे न्यायाधीशालाही दिसते. जी गोष्ट समोरच्याला मिळणारच आहे, तिला नुसता ‘नाही’ म्हणून विरोध करण्यात दिवस घालवायचा, की ती कोणत्या अटींवर मिळावी हे ठरवून घ्यायचे?

अटींचा आधार सर्वोच्च न्यायालयानेच दिलेला आहे. आत्मा राम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या प्रकरणात १० डिसेंबर २००४ रोजी निकाल झाला. दिल्लीच्या कॅनॉट सर्कस भागातील त्या जागेचे भाडे महिना ३७१ रुपये ९० पैसे होते, आणि अपील न्यायाधिकरणाने स्थगिती देताना महिना १५,००० रुपये भरण्याची अट घातली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. निष्कासनाचा हुकूमनामा झाला की त्या तारखेपासून जुन्या भाड्याचा आधार संपतो, आणि स्थगितीवर बसून राहणाऱ्याने ती जागा बाजारात ज्या दराने गेली असती त्या दराने वापराची भरपाई द्यावी, असे ते सूत्र आहे. २००९ मध्ये सुपर मॅक्स प्रकरणात खुद्द महाराष्ट्र शासन भाडेकरू होते, तेथेही हेच सूत्र उचलून धरले गेले.

पण निकालाचे नाव घेतल्याने दर ठरत नाही. त्यासाठी पुरावा लागतो, आणि येथे बहुतेक मालक कमी पडतात. आम्ही त्याच रस्त्यावरील गाळ्यांचे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळवले, सूची क्रमांक दोनच्या (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सरकारी सूचीच्या) प्रती काढल्या, गाळ्यांची मापे लिहिली आणि हे सगळे वडिलांच्या प्रतिज्ञापत्राला जोडले. भाडेकरूच्या वकिलांनी ते गाळे कोपऱ्यावरचे आहेत, आमचे दुकान आत आहे, असा मुद्दा घेतला आणि तो रास्त होता. न्यायालयाने स्थगिती दिली, मात्र महिना नऊ हजार रुपये दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरायचे, थकीत रक्कम आधी जमा करायची, दुकानात तिसऱ्या व्यक्तीला बसवायचे नाही, आणि एक हप्ता चुकला तर स्थगिती संपेल, अशा अटींवर. काका त्या दिवशी सिव्हिल लाइन्सपासून घरापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या हिशेबी आम्ही हरलो होतो.

पुढे काय झाले ते पाहा. फुकटच्या स्थगितीत अपिलार्थी दर पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, वेळ मागतो. आमच्या भाडेकरूंनी काही महिन्यांतच स्वतः अर्ज देऊन अपील लवकर ऐकावे अशी विनंती केली. साडेचारशे देणाऱ्याला नऊ हजार द्यावे लागले की पेशी त्यालाच लांब वाटू लागते. काकांनी मधल्या काळात आणखी एक शोध लावला होता: कोणतीही स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप मरते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांना मोबाइलवर कोणीतरी पाठवला होता. तो एशियन रिसर्फेसिंगचा २०१८ चा निकाल. त्यातला मुद्दा खालच्या न्यायालयात चालू असलेल्या खटल्यांच्या स्थगितीचा होता, अपिलात हुकूमनाम्याला मिळालेल्या स्थगितीचा नव्हे. आणि तो निकालही पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बदलला, म्हणजे आता तो कोणत्याच अर्थाने आधाराला नाही. काका आजही म्हणतात की भाडेकरूने अखेर लेखी हमी देऊन दिवाळीनंतर किल्ली दिली ती त्याचा मुलगा पुण्याला गेला म्हणून. मुलगा त्याआधीच पुण्याला होता, हे मी येथे नोंदवून ठेवतो.

आता आपल्या कामाचे. अपील न्यायालयात स्थगितीचा स्वतंत्र अर्ज प्रतिज्ञापत्रासह आजच द्या. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: स्थगिती न मिळाल्यास आपले भरीव नुकसान होईल, आपण विनाकारण उशीर केलेला नाही, आणि हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठी आपण प्रतिभूती (तारण किंवा जामीन) देण्यास तयार आहात. तिसऱ्या गोष्टीत हात आखडता घेऊ नका. थकबाकी स्वतःहून जमा करा आणि वापराची भरपाई किती द्यायला तयार आहात तो आकडा आपणच आधी लिहा. जुन्याच भाड्यावर अडून बसलात आणि समोर माझ्यासारखा कोणी कागद घेऊन उभा असेल, तर आकडा त्याच्या कागदांवरून ठरेल. परवडणार नसेल तर तेही आताच घरात बसून ठरवा, कारण अट मान्य करून दुसऱ्याच महिन्यात चुकणारा भाडेकरू न्यायालयाची सहानुभूती कायमची गमावतो. मालकाने कॅव्हेट दाखल केले असल्यास अर्जाची प्रत आधी त्याला द्यावी लागेल. आदेश झाला आणि तो खालच्या न्यायालयात पोहोचण्याआधीच बेलिफ आला, तर स्थगिती मिळाल्याचे आपले स्वतःच्या माहितीवर आधारलेले प्रतिज्ञापत्र खालच्या न्यायालयात द्या. नियम ५ च्या स्पष्टीकरणानुसार त्या न्यायालयाला त्यावर तूर्त कार्यवाही करावी लागते. आदेशच झालेला नसेल आणि हुकूमनामा अंमलबजावणीसाठी दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवला असेल, तर तेथे आदेश २१, नियम २६ खाली अपील न्यायालयात जाण्यापुरता वेळ मागता येतो, पण तो थोडाच मिळतो.

मी वकील नाही, आणि वर लिहिलेले सगळे ताब्याच्या हुकूमनाम्यापुरते आहे. पैशाचा हुकूमनामा असेल तर गणित वेगळे: तेथे न्यायालयाने सांगितलेली रक्कम किंवा प्रतिभूती दिली नाही, तर आदेश ४१, नियम ५ च्या पाचव्या उपनियमाने स्थगितीच मिळत नाही. आपल्या हुकूमनाम्यात थकीत भाड्याची रक्कमही असेल, तर हा भाग आपल्या वकिलांना वेगळा विचारा. महिना किती रक्कम बसेल हेही प्रत्येक प्रकरणात निराळे असते. आमचे नऊ हजार हा कोणाचाही दाखला नव्हे, आणि काही न्यायाधीश याहून पुष्कळ सौम्य असतात.

एक गोष्ट मात्र वकिलांकडे जाण्याआधी स्वतः तपासा. आपण ‘मुदतीत’ अपील केले असे लिहिले आहे. निकालाची नक्कल मिळण्यासाठी लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, तेव्हा नकलेच्या शिक्क्यावरील तारखा घेऊन ते ३० दिवस बोटांवर मोजा. एक दिवस जरी वर गेला असेल, तरी विलंबमाफीचा अर्ज सोबत लागतो, आणि त्यावर नोटीस काढून अपील ऐकायचे असे न्यायालय ठरवत नाही तोपर्यंत, आदेश ४१ च्या नियम ३-अ प्रमाणे, ते आपल्याला स्थगिती देऊ शकत नाही.