तीच वाट तीनदा चाल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. बर्लिनला येऊन सहा दिवस झाले, ब्रांडेनबुर्ग दरवाजा झाला, म्युझियम आयलंड झालं, रिंगबानमध्ये, म्हणजे शहराभोवती फिरणाऱ्या लोकलमध्ये बसून ३७ किलोमीटरची फेरीही मारून झाली, आणि वर लिहितोस, "मी नक्की कुठे आहे तेच कळत नाही." कसं कळणार? अलेक्झांडरप्लात्झवरून म्युझियम आयलंडला तू भुयारी रेल्वेने गेलास! अरे, पंधराएक मिनिटांची तर वाट. जमिनीखाली शिरायचं, भलत्याच ठिकाणी डोकं वर काढायचं, फोटो काढायचा, पुन्हा खाली. अशाने शहराचे तुकडे पडतात आणि ते जोडायला फोनमधला निळा ठिपका लागतो.

पायी चाल. आणि तीच वाट तीनदा चाल.

पत्त्याची नोंदणी राहायला गेल्यापासून १४ दिवसांत करायची असते, तिची वेळ आधी घेऊन ठेव. वेळ लवकर मिळत नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून सामान शनिवारीच भर. एवढं उरकलं की उरलेला दिवस पायांना दे.

मी २००३ साली तिथे गेले. पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांच्या घरी पाऊण तास उशिरा पोचले. मला १२० नंबर हवा होता. हातात पत्ता, समोर ७ नंबर. सम एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला असं धरून मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. तिथे ६०च्या आसपासचे नंबर दोन्हीकडे! बर्लिनच्या बऱ्याच जुन्या रस्त्यांवर नंबर एका बाजूने सलग वाढत जातात आणि दुसऱ्या बाजूने तसेच वाढत परत येतात, घोड्याच्या नालासारखे. म्हणजे एक नंबरच्या समोर शेवटचा नंबर. माझं १२० जिथून निघाले तिथेच, रस्ता ओलांडला की होतं. कोपऱ्यावरच्या पाटीवर त्या पट्ट्यातले घरनंबर छोट्या अक्षरात लिहिलेले असतात, हे मला त्या रस्त्यावरून चौथ्यांदा जाताना दिसलं. चौथ्यांदा! प्राध्यापक जे बोलायचं ते बोलले. चूक माझी नव्हती, असं मी आजही म्हणते. पण आदल्या दिवशी तिथून एक चक्कर मारून आले असते तर म्हणायची वेळ आली नसती.

बेर्नाउअर श्ट्रासेचं तू एका ओळीत उरकलंस, "भिंतीचं स्मारक पाहिलं." वाचून राग आला, खरंच. बर्लिन पूर्व आणि पश्चिम असं वाटलेलं होतं, तेव्हा त्या रस्त्याच्या एका बाजूची घरं पूर्व बर्लिनमध्ये होती आणि त्यांच्या दारातला फुटपाथ पश्चिमेत. १३ ऑगस्ट १९६१ला सीमा बंद झाली, तेव्हा लोकांनी खिडक्यांतून फुटपाथवर उड्या टाकल्या. मग खिडक्या विटांनी बुजवल्या. हे सगळं फलकावर वाचता येतं. पण एका पावलाने देश बदलायचा, ते पाऊल केवढं असतं हे तिथे सावकाश चालल्याशिवाय कळत नाही. पहिल्या खेपेला फलकच वाचून होतात. तिसऱ्या खेपेला जा. पुढे शहराच्या मध्यभागात भिंतीची जुनी रेघ दगडांच्या दुहेरी ओळीने रस्त्यातच बसवलेली सापडेल. कुठे सायकलींच्या वाटेखालून जाते, कुठे उभ्या गाड्यांखाली गडप होते. ती धर आणि जाईल तिकडे जा.

माझ्या वर्गातले सगळे त्या पहिल्या महिन्यात प्रागला जाऊन आले. मी गेले नाही, आपल्याच वस्तीत भटकत राहिले. त्यांच्या गप्पांत पुढे वर्षभर मी बाहेरची होते. याचं मला वाईट वाटत नाही. बरं, थोडं वाटतं. पण त्यांच्यातल्या एकीला आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर काय आहे हे सांगता आलं नव्हतं, हेही मी विसरलेले नाही.

पण मी तरी काय मोठी चाललेय! माझ्या इमारतीच्या दारात फुटपाथमध्ये पितळेचा एक चौकोन होता, तळहाताएवढा. तो मी पाच महिने ओलांडत होते. पावसाने धुतला गेला तेव्हा चमकला म्हणून वाकले. वर "हिअर वोन्टऽ" लिहिलेलं, म्हणजे इथे राहत होती. खाली एका मुलीचं नाव, जन्म १९३६, आणि १९४३ साली आउश्वित्झला, नाझींच्या छळछावणीत नेल्याची नोंद. सात वर्षांची, फार तर. ज्या जिन्याने ती उतरली असेल त्याच जिन्याने मी रोज उतरत होते, घाईत, गाडी पकडायला. नाझींनी नेलेल्यांच्या आठवणीचे असे दगड तिथे हजारोंनी आहेत, ते स्वतःच्या मर्जीने जिथे शेवटचे राहिले त्या घरांसमोर. मला पाच महिने लागले. तुला तेवढे लागू नयेत, म्हणून एवढी कटकट करतेय.

फोन घरी ठेव म्हणत नाही. खिशात असू दे. हरवलास तर काढ, पण आधी हरव.

उद्या सकाळी विद्यापीठात जाताना दोन स्टेशनं आधी उतर आणि पुढचं चालत जा. परवा तसंच. तेरवाही तसंच, कंटाळा आला तरी. त्याआधी दारातून बाहेर पडताना खाली बघ, पितळ दिसतं का. दिसलं तर त्यावर काय लिहिलंय ते मला कळव. आणि तुझ्या रस्त्यावरचे नंबर कुठल्या बाजूने वाढतात तेही.

तुझी,
मावशी