'चेर्चिल्का' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे : जर्मन अमलाखालच्या प्रागबद्दल वाचताना 'चेर्चिल्का' हा शब्द आला. हा गुप्त ट्रान्समीटर का? मराठीत कसा लिहावा, आणि 'तो' म्हणावं की 'ती'?

ट्रान्समीटर नव्हे. चेर्चिल्का म्हणजे घरच्या साध्या रेडिओत बसवायची छोटी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं. तिच्यामुळे फक्त ऐकता येई. संदेश धाडणारी यंत्रं वेगळी. डिसेंबर १९४१ च्या अखेरीस ब्रिटनहून येऊन पॅराशूटने उतरलेल्या चेकोस्लोव्हाक सैनिकांच्या 'सिल्व्हर ए' गटाकडे होता तो ट्रान्समीटर, आणि त्याचं नाव 'लिबुशे'. हा घोटाळा बऱ्याच लिखाणात दिसतो, म्हणून आधी तो निस्तरला.

कॉइलची गरज का पडली? मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. युद्ध सुरू होताच परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा ठरलं. ऐकल्यास सक्तमजुरी, ऐकलेलं पसरवल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा. प्रत्येक रेडिओच्या बटणाला तशी ताकीद छापलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवावी लागे. तरीही लोक लंडनहून होणारं बीबीसीचं चेक प्रसारण ऐकत. १४ ते २१ सप्टेंबर १९४१ या आठवड्यात जर्मनांच्या मुठीतली वर्तमानपत्रं विकत घेऊ नका, असं आवाहन लंडनहून झालं आणि खप कोसळला. कोण ऐकतं आणि कोण मानतं, हे राज्यकर्त्यांना त्या आठवड्यात उघड दिसलं. पुढे १९४२-४३ च्या सुमारास रेडिओ संचांतला शॉर्टवेव्हचा, म्हणजे लघुलहरींचा, भागच काढून टाकायला लावला. लंडन ते प्राग हे अंतर हजारेक किलोमीटर. इतक्या लांबून मध्यम लहरी दिवसा नीट पोचत नाहीत, त्यात जर्मनांनी मुद्दाम सोडलेली खरखर. लघुलहरी मात्र आकाशातल्या आयनांच्या थरावरून परतून लांबवर उतरतात.

संच मध्यम लहरींपुरता उरला, पण स्टेशन लावायचा त्यातला फिरता कंडेन्सर जागेवरच होता. त्याच्याशी जुळेल अशी कमी वेढ्यांची कॉइल जोडली की लघुलहरी पुन्हा पकडता येत. मध्यम लहरींना ७०-१०० वेढे लागत असतील, तर इथे तीनेक सेंटिमीटर जाडीच्या नळीवर दहाएक वेढे पुरतात. २५, ३१ आणि ४९ मीटरचे पट्टे त्यात बसतात. अडचण अशी, की कंडेन्सरच्या एका फेरीत अख्खी शॉर्टवेव्ह कोंबली जाते. बटण केसभर हललं तरी स्टेशन निसटतं. सुपरहेट जातीच्या संचात, म्हणजे आलेल्या लहरीत स्वतःची लहर मिसळणाऱ्या संचात, एक कॉइल पुरत नाही, कारण ती लहर तयार करणारा ऑसिलेटरही त्याच मापाने वर न्यावा लागतो. अशा वेळी जाणकार मेकॅनिकच हवा.

आता नावाकडे. चेक लोकांनी चर्चिलचं आडनाव उच्चाराबरहुकूम 'चेर्चिल' केलं आणि त्याला 'का' हा स्त्रीलिंगी प्रत्यय लावला. नेहमीच्या वापरातल्या वस्तूंची नावं या भाषेत अशीच घडतात. चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक घालत तशा टोपीला 'मासारिकोव्का' म्हणतात. याउलट मे १९४२ मध्ये प्रागमधला नाझी सत्ताधीश हायड्रिख याच्यावर हल्ला झाल्यावर जी धरपकड आणि कत्तल झाली, तिचं नाव 'हायड्रिखियादा'. तिथे 'ऑलिंपियाद'मधला लांबलचक प्रत्यय आहे, तो सबंध कालखंडाला लागतो. त्याच काळात वापरात असलेला 'शेप्तांदा' हाही शब्द लक्षात ठेवण्याजोगा : 'शेप्तात' म्हणजे कुजबुजणं, आणि पुढे 'प्रोपागांदा'चं शेपूट. चेर्चिल्कावर ऐकलेली बातमी कर्णोपकर्णी जाई, ती अशी. माझ्या मते 'अफवा' हा पर्याय इथे चुकीचा, कारण बातमी बरेचदा खरी असे. 'कुजबुज' बरा.

मराठीत लिंग स्त्रीलिंगीच ठेवावं. शिवरायांच्या नाण्याला आपणही 'ती शिवराई' म्हणतो, त्यामुळे कानाला खटकत नाही. 'च' 'चेहरा'तल्यासारखा तालव्य, आघात पहिल्या अक्षरावर. 'चर्चिलका' असं सुधारून घेऊ नये. चेक तोंडात नाव कसं बसलं, ते त्यात हरवतं. क्रियापदही जपून निवडावं. 'चेर्चिल्का बंद केली' असं भाषांतर अर्थ बिघडवतं. बंद रेडिओतही ती सापडली असती तर पुरावा ठरली असती. म्हणून ऐकून झालं की ती 'काढून ठेवली' जाई.