जर्मनीत साडेतीन युरोची वाइन लंडनमध्ये सात पौंडांना का मिळते?

फ्रँकफर्टला साडेतीन युरोला घेतलेली वाइन लंडनमध्ये सात पौंडांना दिसली, तेव्हा दुकानदार लुटतो का, असं तुम्ही विचारलंय. मी लंडनमध्ये वाइनच्या दुकानातच काम करतो. खरं सांगतो, त्यातला मोठा वाटा सरकारकडे जातो.

ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून वाइनची ड्युटी, म्हणजे अबकारी कर, आतल्या अल्कोहोलच्या प्रमाणावर ठरते. फेब्रुवारी २०२५ ला लागू झालेला दर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरला २९.५४ पौंड होता, पुढचा हिशेब त्याच दराने. बाटली हातात घेऊन लेबलच्या कोपऱ्यातला बारीक आकडा बघा. १३ टक्के असेल तर पाऊण लिटरच्या बाटलीवर ड्युटी २.८८ पौंड, साडेचौदा असेल तर ३.२१. मग ड्युटी धरून जी किंमत होते तिच्यावर पुन्हा २० टक्के व्हॅट. करावर कर! मला हे पटत नाही.

आता तुमच्या सात पौंडांचा हिशेब, बाटली १३ टक्क्यांची धरून. व्हॅट १.१७, ड्युटी २.८८. उरले २.९५. काच, बूच, वाहतूक, दुकानाचं भाडं, आमचे पगार हे सगळं त्यातच, आणि ज्याने द्राक्षं पिकवली त्याच्या हाती काय लागत असेल ते तुम्हीच बघा. १३ टक्क्यांचीच पण चौदा पौंडांची बाटली घेतलीत तर ड्युटी तेवढीच राहते आणि कर वजा जाता ८.७९ उरतात. किंमत दुप्पट, उरलेले पैसे जवळजवळ तिप्पट. म्हणून गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगतो, दोन स्वस्त बाटल्यांऐवजी एक बरी घ्या.

जर्मनीत साध्या, म्हणजे न फेसाळणाऱ्या, वाइनवर अबकारी कर शून्य, फक्त १९ टक्के व्हॅट. युरोपीय संघाने किमान दरच शून्य ठेवलाय, त्यामुळे इटली-स्पेनमध्येही तसंच. सेक्ट नावाच्या फेसाळणाऱ्या वाइनवर मात्र जर्मनीत बाटलीमागे १.०२ युरो द्यावे लागतात. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, आरमारासाठी १९०२ मध्ये लावलेला हा कर मधली काही वर्षं सोडली तर आजही आहे. आयर्लंड संघातच असून साध्या बाटलीवर ३.१९ युरो घेतं, वर २३ टक्के व्हॅट. ऑस्ट्रेलियाची रीत उलटी. तिथे घाऊक किमतीच्या २९ टक्के कर, म्हणजे महाग वाइनला जास्त.

तुम्ही फ्रँकफर्टहून गाडीने येणार असाल तर प्रौढ माणशी १८ लिटर साधी वाइन, म्हणजे २४ बाटल्या, स्वतःसाठी ड्युटी न भरता ब्रिटनमध्ये आणता येते.