मुलगा तिसरीत आहे, डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) निघाला. ‘उजव्या मेंदूचा आहे, वाचन सोडा, चित्रांतून शिकवा’ असं सांगतात. ऐकावं का?

ऐकू नका. आम्ही ऐकलं आणि पोराचं एक वर्ष घालवलं.

माझा मुलगा ‘पिशवी’ला ‘पशिवी’ लिहायचा. प नंतर इ ऐकू येतो, म्हणून वेलांटीही प नंतर. भाऊजींनी कुठूनतरी बोटांच्या ठशांची तपासणी करून आणली. जाडजूड फाइल, त्यात ‘उजवा मेंदू प्रबळ’. मी नको म्हणत होते, पण घरात माझं कोण ऐकणार! वाचन बंद, चित्रकलेचा क्लास सुरू.

मे महिन्यात माहेरी कोरेगावला निघालो. साताऱ्याच्या स्टँडवर हा गर्दीतून धावत गेला, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि ऐटीत मला हाका मारू लागला. गाडी कऱ्हाडची होती. खाली उतरवल्यावर रडत म्हणाला, “आई, मी क बघितला होता गं.” नऊ वर्षांचं पोर.

उजवा मेंदू चित्रांचा, डावा भाषेचा, हा प्रकार रॉजर स्पेरी या मेंदू-शास्त्रज्ञाच्या कामावरून फुगवलाय. त्यांना 1981 साली नोबेल मिळालं, पण त्यांचे रुग्ण अपस्मारासाठी (फिट्स थांबवायला) दोन्ही अर्ध्यांमधला जोड कापलेले होते. तुमच्या मुलाचा जोड शाबूत आहे. डिस्लेक्सियात वाचताना डाव्या बाजूचा मागचा भाग कमी काम करतो, हे खरं. म्हणून मूल ‘उजव्या मेंदूचं’ होत नाही. नीट शिकवलं की तोच भाग जास्त काम करू लागतो, हेही स्कॅनमध्ये दिसलंय.

आम्हाला पुढे एक बाई भेटल्या. त्यांनी शब्द टाळ्या वाजवत फोडायला लावले, रव्यात बोटानं अक्षरं गिरवून घेतली, जोडाक्षरं शेवटी. रोज वीस मिनिटं. दोन वर्षं लागली. यंदा तो दहावी झाला. भाऊजी अजून म्हणतात, चित्रकलेनं सुधारला. चित्रं तो आवडीनं काढतो, तुमच्याही मुलाला काढू द्या. पण वाचायला शिकवलं ते त्या बाईंनी.

सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्या, 2016 च्या दिव्यांग कायद्यात डिस्लेक्सिया येतो. परीक्षेला जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक मिळतो. डोळे-कान आधी तपासून घ्या, हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

आणि कुणी फाइल पुढे केली तर विचारा, मुलाकडून एक ओळ तरी वाचून घेतली का? आमच्याकडे नव्हती घेतली. दहा बोटांचे ठसे तेवढे घेतले होते.