चार देशांतले चार किल्ले नकोत. उत्तर वेल्सला मुक्काम करा

आठ दिवस हातात आहेत, मध्ययुगीन किल्ले पाहायचेत, नुसते फोटो नकोत तर इतिहास कळायला हवा. आणि यादीत जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन, फ्रान्समधलं कार्कासॉन, प्राग आणि एडिनबरा. हे कसं बसवायचं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: बसवू नका. आठातले निम्मे दिवस विमानतळांवर जातील. शिवाय नॉयश्वानस्टाइन मध्ययुगीन नाहीच, त्याचं बांधकाम 1869 मध्ये सुरू झालं. कार्कासॉन खरोखर जुनं, पण 1853 पासून त्याची मोठी डागडुजी झाली, त्यामुळे जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे नवख्याला ओळखता येत नाही. प्राग आणि एडिनबरा शतकानुशतकं वापरात राहिले आणि प्रत्येक पिढीनं त्यांत भर घातली.

त्याऐवजी वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात जा. कॉनवी, कर्नारव्हन, हार्लेक आणि बोमॅरिस हे चार किल्ले एकाच राजाचे, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डचे. पहिले तीन 1283 मध्ये सुरू झाले, चौथा 1295 मध्ये. चौघांवर एकाच मुख्य गवंड्याची छाप आहे: आल्प्समधल्या सॅव्हॉय प्रांतातून आलेला मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. चारही मिळून 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वेल्स जिंकण्याचा एकच संघर्ष आणि एकच कारागीर असल्यामुळे पहिल्या किल्ल्यात शिकलेलं दुसऱ्यात उपयोगी पडतं. किल्ला वाचायला शिकायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पण सुरुवात एडवर्डपासून करू नका. आधी लानबेरिसजवळचा डोलबादर्न पाहा. तळ्याकाठच्या खडकावर एकच गोल बुरूज उभा आहे, बाकी पडझड. हा वेल्श राजपुत्रांचा किल्ला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला थोरल्या लुएलिननं बांधलेला. त्याचा नातू लुएलिन ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणवत होता. 1277 च्या पहिल्या मोहिमेत एडवर्डनं त्याचा मुलूख तोडला, आणि 1282 मध्ये लुएलिनचा भाऊ डाव्हिद यानं बंड केल्यावर दुसरी मोहीम काढली. डिसेंबर 1282 मध्ये लुएलिन मारला गेला. पुढच्या वर्षी डाव्हिदला श्रूझबरीत हालहाल करून ठार केलं. मग डोलबादर्नमधलं लाकूड काढून कर्नारव्हनच्या बांधकामावर नेलं. हे माहीत असलं की कर्नारव्हनचा दरवाजा वेगळाच दिसतो.

कॉनवीला पूर्ण एक दिवस द्या. किल्ला साधारण चार वर्षांत, 1287 पर्यंत उभा राहिला, आणि शहराच्या तटासकट खर्च सुमारे 15,000 पौंड झाला. त्या काळी ही प्रचंड रक्कम होती. जागाही मुद्दाम निवडलेली: इथे सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा मठ होता आणि त्यात थोरला लुएलिन पुरलेला होता. एडवर्डनं मठ उठवून नदीच्या वरच्या अंगाला हलवला आणि त्याच जागी आपलं शहर वसवलं. हरलेल्यांना एडवर्डला काय सुनवायचं होतं ते यात सगळं आलं.

बुरुजांच्या बाहेरच्या अंगावर चौकोनी भोकांची ओळ तिरकी चढत जाताना दिसेल. परांचीचे वासे रोवायची ती भोकं. इंग्लंडचे गवंडी परांची आडव्या टप्प्यांत बांधत, सॅव्हॉयचे कारागीर बुरुजाभोवती चढत्या वाटेसारखी फिरवत, म्हणजे दगड वर न्यायला उतार मिळे. आल्प्समधून माणसं आली होती याची ही दगडातली खूण आहे, आणि ती शोधण्यात मला फार आनंद होतो. नंतर शहराच्या तटावर चढा. 21 बुरूज, सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त लांबी, आणि फेरफटका फुकट. दक्षिणेकडे तटाबाहेर काढलेले ओळीनं बारा शौचकूप आहेत, तेही चुकवू नका.

इतका भक्कम किल्ला 1401 मध्ये, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वेल्श नेत्याच्या, ओवाइन ग्लिनडूरच्या बंडात, त्याच्या नातलग ट्यूडर भावांनी घेतला. गुड फ्रायडेला शिबंदी चर्चमध्ये गेलेली असताना, सुताराच्या मिषानं आत शिरून. किल्लेदार गाफील असेल तर तट काय करणार, हे आपल्याकडच्या भटक्यांना वेगळं सांगायला नको.

कर्नारव्हनमध्ये बुरूज गोल नाहीत, बहुकोनी आहेत, आणि भिंतींत वेगळ्या रंगाच्या दगडांचे पट्टे आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या तटबंदीची ही नक्कल असावी, असं अभ्यासक मानतात. गावाजवळच सेगोंटियम हे रोमन ठाणं आहे, आणि वेल्श दंतकथा इथला संबंध रोमन सम्राट मॅक्सिमसशी जोडतात. एडवर्डनं ती दंतकथा स्वतःकडे ओढली. राजद्वारात उभे राहा आणि वर बघा: दारामागून दारं, खाली पडणाऱ्या जाळीदार फाटकांच्या खाचा, छतात मारा करायची भोकं. तरी 1294 मध्ये मॅडॉग ॲप लुएलिन या वेल्श पुढाऱ्याच्या बंडात किल्ला पडला, कारण शहराकडची भिंत तेव्हा पुरेशी उंच झालेली नव्हती. आज याच गावात रस्त्यावर, दुकानांत सर्रास वेल्श ऐकू येते. ती कान देऊन ऐका.

हार्लेक मला सर्वांत आवडतो. उंच कड्यावर, एकात एक असे दोन तट, आणि पुढचं दरवाजाचं बांधकामच बालेकिल्ल्याइतकं दणकट. मागच्या बाजूला 108 पायऱ्यांची वाट खाली उतरते. आता तिथून समुद्र दूर दिसतो, पण तेव्हा जहाजं कड्याखाली लागत, आणि 1294 च्या त्याच बंडातल्या वेढ्यात आयर्लंडहून आलेल्या रसदीवर किल्ला तगला. ग्लिनडूरनं 1404 मध्ये तो घेतला आणि इथूनच कारभार चालवला. 1409 मध्ये किल्ला पडला तेव्हा त्याची बायको आणि मुली इंग्रजांच्या हाती लागल्या.

बोमॅरिस शेवटी ठेवा. सपाट जमीन, पाण्याचा खंदक, नकाशावर अगदी समतोल रचना. आणि बुरुजांचे माथे अपुरे. फेब्रुवारी 1296 च्या एका पत्रात मास्टर जेम्सनं पैसे मागितले आहेत: 400 गवंडी, 2,000 मजूर, शिवाय खाणीतले कामगार, लोहार आणि सुतार, यांची मजुरी थकली आहे. पण राजाचं लक्ष आणि पैसा स्कॉटलंडच्या लढाईकडे वळला. या किल्ल्यासाठी लानव्हाइस गावच्या लोकांना उठवून अँगल्सी बेटाच्या दुसऱ्या टोकाला वसवलं होतं, हेही लक्षात ठेवा.

सोयीचं सांगतो. बँगोरला मुक्काम करा. लंडनच्या यूस्टनहून रेल्वे येते. कॉनवीला रेल्वेनं जाता येतं, कर्नारव्हन आणि बोमॅरिसला बस आहे. हार्लेकचं स्टेशन किल्ल्याच्या पायथ्याशी असलं तरी ती वेगळी लाइन आहे, म्हणून त्या दिवशी गाडी भाड्यानं घेतलेली बरी. चारही किल्ले काडू या सरकारी खात्याकडे आहेत. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आधी बघून घ्या. गोल जिने अरुंद आणि पावसात निसरडे असतात, पकड असलेले बूट हवेत.

परतताना अर्धा दिवस उरला तर वाटेत फ्लिंटला उतरा. तो 1277 च्या मोहिमेतला पहिला किल्ला. त्याचा सर्वांत मोठा बुरूज बाकी किल्ल्यापासून सुटा, स्वतःच्या खंदकात उभा आहे. 1399 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड कॉनवीहून निघून इथेच त्याची गादी घेणाऱ्या चुलतभावाच्या, हेन्री बोलिंगब्रोकच्या हाती सापडला. प्रवेश फुकट आहे आणि स्टेशनवरून चालत जाता येतं.