पहिली-दुसरीतल्या मुलाला वाचनाची गोडी कशी लावावी?

अक्षरं ओळखता येतात, पण पुस्तक दिलं की मूल पळतं, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक वेळा तो कंटाळा नसतो, दमणूक असते. ‘प्रकाश’ वाचताना आधी ‘प्र’ फोडायचा, मग काना लावायचा, सगळं जुळवून अर्थ लावायचा. तोवर वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. म्हणून तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तरी खुशाल वाचू द्या. शब्द नजरेत बसतात ते असेच.

रोज 10-15 मिनिटं पुरेत. अडखळलं तर लगेच शब्द सांगू नका, मनात 5 पर्यंत मोजा. पुस्तक त्यालाच निवडू द्या. एका पानावर न येणारे शब्द बोटांवर मोजताना 5 बोटं भरली, तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवा.

मूल स्वतः वाचू लागलं की घरचे वाचून दाखवणं बंद करतात. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. या वयात मुलांना वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा ऐकून कितीतरी जास्त कळतं, आणि गोष्टीची ओढ तिथूनच लागते. फक्त गोष्ट संपल्यावर लगेच ‘तात्पर्य काय?’ असं विचारू नका.